इंग्रजी 'टू' या क्रियाविशेषणाचा अर्थ आणि वापर : मीरा-भाईंदरमधील बहुभाषिक वर्गाच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : परिमाणवाचक क्रियाविशेषण, अतिरेक, मर्यादा, वाक्यरूपांतर, शक्य क्रियापद, बहुभाषिक वर्ग

प्रस्तावना

इंग्रजी भाषेतील काही शब्द आकाराने अत्यंत लहान असूनही अर्थाच्या दृष्टीने मोठे काम करतात. 'टू' हे क्रियाविशेषण अशा शब्दांपैकी एक होय. एखादा गुण किंवा एखादे परिमाण योग्य मर्यादेच्या पलीकडे गेले आहे, असे या शब्दाने सांगितले जाते. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मात्र या शब्दाची खरी ओळख अर्थाच्या वाटेने होत नाही. ती परीक्षेतील एका सूचनेच्या वाटेने होते. 'रिमूव्ह टू', म्हणजे 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, ही ती सूचना. माध्यमिक शाळांत परीक्षेची तयारी केलेल्या अनेक पिढ्यांना हा प्रश्न परिचित आहे. शब्द शिकवण्याऐवजी तो काढून टाकणे शिकवले जाते, ही या अध्यापनपद्धतीतील विसंगती आजवर पुरेशा गांभीर्याने विचारात घेतली गेलेली नाही.

प्रस्तुत लेखात 'टू' या क्रियाविशेषणाचा अर्थ, त्याचे शालेय व्याकरणातील स्थान आणि त्याच्याशी समांतर असणाऱ्या मराठी रचना यांची चिकित्सा केली आहे. संदर्भ म्हणून मीरा-भाईंदर हे शहर घेतले आहे. त्याचे कारण असे की, या शहरातील वर्गात मराठी, गुजराती, हिंदी, मारवाडी, उर्दू, कोकणी अशा अनेक घरभाषा एकत्र येतात आणि इंग्रजीचा अर्थ मुलांपर्यंत पोहोचताना या सर्व भाषांतून वाट काढतो. इंग्रजीत 'टू' असा उच्चार असलेले दोन शब्द येथे पुन्हा पुन्हा येणार असल्याने अतिरेक दाखवणारे क्रियाविशेषण दीर्घ 'टू' असे आणि क्रियापदापूर्वी येणारे अव्यय ऱ्हस्व 'टु' असे लिहिले आहे.

'टू' चा अर्थ

व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता 'टू' आणि 'टु' हे मुळात एकच शब्द आहेत. जुन्या इंग्रजीतील दिशादर्शक अव्ययाचे आघातयुक्त रूप म्हणजे 'टू'. दिशेवरून 'त्यात भर' आणि भरीवरून 'मर्यादेपलीकडे' असा अर्थविस्तार झाला. म्हणूनच आजही हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक 'सुद्धा, देखील' या अर्थाने आणि दुसरा 'प्रमाणाबाहेर' या अर्थाने. जर्मन भाषेत 'त्सू' हा सगोत्र शब्द दिशा आणि अतिरेक हे दोन्ही अर्थ सांगतो. त्यामुळे ही घटना केवळ इंग्रजीपुरती मर्यादित नाही हे लक्षात येते.

'व्हेरी' आणि 'टू' यांतील भेद येथे नीट समजून घेणे आवश्यक आहे. 'व्हेरी' हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील 'खरा' या अर्थाच्या शब्दापासून आला. तो गुणाची तीव्रता वाढवतो, परंतु त्या तीव्रतेबद्दल कोणताही निवाडा देत नाही. 'द टी इज व्हेरी हॉट' या वाक्यात चहा किती गरम आहे एवढेच सांगितले आहे. ज्याला गरम चहा आवडतो त्याच्या दृष्टीने ती स्तुतीही ठरेल. 'द टी इज टू हॉट' असे म्हणताच कोणासाठी, कशासाठी, हा प्रश्न उपस्थित होतो. पिण्यासाठी गरम, लहान मुलाला देण्यासाठी गरम, पातळ पेल्यात ओतण्यासाठी गरम. म्हणजेच 'टू' या शब्दाच्या मागे नेहमी एक मर्यादा गृहीत धरलेली असते. ती मर्यादा वाक्यात सांगितलेली असो वा नसो, ऐकणाऱ्याला ती शोधावी लागते.

यावरून 'व्हेरी' हा वर्णनाचा शब्द आहे आणि 'टू' हा निवाड्याचा शब्द आहे, असे म्हणता येईल. चहाचे तापमान तेच राहूनही पहिल्या वाक्यावर वाद होणार नाही, दुसऱ्यावर होऊ शकेल. कारण मर्यादा कोणी ठरवावी, हा दुसऱ्या वाक्याचा गाभा आहे.

'टू' काढण्याचा नियम

शालेय व्याकरणात 'टू' विषयी जो नियम शिकवला जातो तो असा : 'टू' च्या जागी 'सो' लिहावे, विशेषणानंतर 'दॅट' लिहावे, कर्ता पुन्हा घ्यावा आणि 'कॅनॉट' किंवा 'कुड नॉट' वापरून 'टु' नंतरचे क्रियापद लिहावे. 'ही इज टू वीक टु वॉक' याचे 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' असे रूपांतर होते. नियम सोपा आहे, गुण मिळवून देणारा आहे आणि मराठीतील 'इतका... की... नाही' या रचनेशी जुळणारा असल्याने मुलांना तो लवकर साधतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांपासून वाक्याला वाक्य जोडून इंग्रजी शिकण्याची जी परंपरा महाराष्ट्रात रुजली, तिच्याशीही तो सुसंगत आहे. या परंपरेचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तथापि हा नियम अर्थ म्हणून स्वीकारला की चार अडचणी निर्माण होतात.

पहिली अडचण : सर्व वाक्यांत 'टु' येतच नाही. 'द सूप इज टू सॉल्टी' या वाक्यात पुढे काही नाही. येथे नियम थांबतो आणि विद्यार्थी गोंधळतो. या वाक्यातील अतिरेक सांगण्यासाठी 'हवे त्यापेक्षा अधिक' अशी तुलना मनात आणावी लागते आणि नियमाने ती शिकवलेलीच नसते.

दुसरी अडचण कर्माची आहे. 'द बॉक्स इज टू हेवी फॉर द चाइल्ड टु लिफ्ट' या वाक्याचे रूपांतर करताना शेवटी 'इट' हे सर्वनाम घालावे लागते. विद्यार्थी ते विसरतात आणि तो निष्काळजीपणा समजला जातो. वस्तुतः मराठीत 'पेटी इतकी जड आहे की मुलाला उचलता येत नाही' असे म्हणताना कर्म पुन्हा सांगण्याची गरज नसते. विद्यार्थी चूक करतो ती मराठीच्या नियमाला धरून. हे शिक्षकाने ओळखले तर दोन भाषांतील भेद एका ओळीत समजावून देता येतो.

तिसरी अडचण अपवादांची. 'शी इज ओन्ली टू ग्लॅड टु हेल्प' याचा अर्थ ती मदत करू शकत नाही असा होत नाही. उलट ती अत्यंत आनंदाने मदत करील, असा होतो. 'ही इज टू रेडी टु फाइंड फॉल्ट' याचा अर्थ तो दोष काढू शकत नाही असा नसून तो दोष काढायला नको इतका तत्पर असतो, असा आहे. येथे नियम लावला तर अर्थ नेमका उलटा होतो.

चौथी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. 'टू... टु' या रचनेत दडलेला नकार एकाच प्रकारचा नसतो. 'टू वीक टु वॉक' मध्ये असमर्थता आहे, म्हणून 'चालता येत नाही' हे योग्य. 'टू ऑनेस्ट टु टेक अ ब्राइब' मध्ये असमर्थता नाही. लाच घेणे त्याला शक्य आहे, पण तो घेणार नाही. 'टू यंग टु मॅरी' मध्ये असमर्थताही नाही आणि अनिच्छाही नाही. तेथे अनौचित्य आहे. मराठीत या तीन नकारांसाठी 'येत नाही', 'णार नाही' आणि 'नये' अशी तीन स्वतंत्र रूपे आहेत. 'कॅनॉट' च्या एकाच साच्यात ती बसवल्याने भाषांतर तर बिघडतेच, शिवाय विचारही बिघडतो.

'लहान वय' : एक ऐतिहासिक दाखला

चौथ्या अडचणीचे गांभीर्य महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातून स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात झालेला एक मोठा वाद हा एका अर्थाने 'टू यंग' या शब्दांच्या अर्थाविषयीचाच वाद होता. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्यास नकार दिला. 1884 मध्ये दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला आणि हे प्रकरण 1888 पर्यंत चालले. त्याच काळात बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध चळवळ उभारली. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ही वयोमर्यादा 10 वरून 12 वर्षांवर आली. आगरकरांनी या सुधारणेचा पुरस्कार केला. टिळकांनी सरकारी कायद्याच्या मार्गाने ती आणण्यास विरोध केला. पुढे 1929 च्या सारडा कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय 14 व मुलाचे 18 ठरले, तर 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचे 18 व मुलाचे 21 ही मर्यादा आहे.

या संपूर्ण वादात मुलीचे वय किती, याबद्दल बहुधा दुमत नव्हते. दुमत होते ते मर्यादेबद्दल आणि ती ठरवण्याच्या अधिकाराबद्दल. मर्यादा शास्त्राने ठरवावी, कुटुंबाने ठरवावी, सरकारने ठरवावी, की त्या मुलीचे म्हणणे ऐकावे? 'मुलगी लहान आहे' या वाक्यात हे सर्व प्रश्न सामावलेले होते. आजच्या वर्गात 'शी इज टू यंग टु मॅरी' हे वाक्य आले आणि विद्यार्थ्याने 'ती इतकी लहान आहे की ती लग्न करू शकत नाही' असे लिहिले, तर त्याला गुण मिळतील. परंतु ते विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकणार नाही. कारण अशी लग्ने होऊ शकत होती आणि होत होती. 'तिचे अजून लग्नाचे वय नाही' हे मराठी वाक्य मूळ अर्थाच्या कितीतरी जवळ जाते. भाषांतरातील 'शकत नाही' आणि 'नये' यांतील अंतर हे केवळ व्याकरणातील अंतर नाही, हे यावरून ध्यानात यावे.

मराठीतील परिमाणवाचक शब्द

'टू' ला मराठी प्रतिशब्द कोणता, या प्रश्नाचे शालेय उत्तर 'फार' किंवा 'खूप' असे असते आणि 'व्हेरी' ला प्रतिशब्द विचारला तरी उत्तर तेच येते. या उत्तराची मर्यादा तपासण्यासाठी मराठी शब्दांकडे पाहणे इष्ट ठरेल.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या 1836 मधील व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या 1911 मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथापर्यंत मराठी व्याकरणाचा पाया रचला गेला. त्यानंतर शालेय पुस्तकांत क्रियाविशेषणांचे कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक आणि परिमाणवाचक असे वर्ग स्थिरावले. यांतील शेवटच्या वर्गात किती प्रमाणात, या प्रश्नाची सर्व उत्तरे एकत्र ठेवलेली असतात. तीव्रता आणि अतिरेक असा भेद तेथे केला जात नाही. शिवाय 'क्रियाविशेषण' ही संज्ञाच क्रियेकडे बोट दाखवणारी असल्याने विशेषणाच्या आधी येणाऱ्या 'टू' ला क्रियाविशेषण का म्हणावे, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त ठरतो. इंग्रजी संज्ञेची व्याप्ती अधिक आहे, हे त्याला सांगितले पाहिजे.

'फार' हा शब्द संस्कृत 'स्फार', म्हणजे विपुल, यापासून आला. 'खूप' हा फारसी 'खूब', म्हणजे उत्तम, यापासून. दोन्ही शब्द आज तीव्रता दाखवतात, परंतु त्यांची छटा एक नाही. 'फार' हा शब्द अतिरेकाकडे सहज झुकतो. 'आता फार झाले' या वाक्यात तक्रार स्पष्ट ऐकू येते, 'खूप झाले' मध्ये ती तक्रारही असू शकते आणि समाधानही असू शकते. 'भाजी फार तिखट आहे' हे वाक्य प्रसंगानुसार 'व्हेरी' आणि 'टू' या दोहोंचे काम करते. त्यातील निवाडा स्वरातून आणि प्रसंगातून कळतो. 'फारसा' हे रूप तर नकारावाचून सहसा येतच नाही. 'हे काम फारसे कठीण नाही', 'ती फारशी बोलत नाही' अशा वाक्यांत ते लिंगवचनानुसार बदलते. इंग्रजीतील 'नॉट टू डिफिकल्ट' ला मराठीत याहून नेमका पर्याय मिळणे अवघड आहे.

'जास्त' हा शब्द तुलनेचा आहे. 'मीठ जास्त झाले' म्हणताना हवे त्यापेक्षा अधिक, ही तुलना न बोलता पूर्ण होते. 'नको तितका', 'प्रमाणाबाहेर', 'वाजवीपेक्षा जास्त' या शब्दसमूहांत तर मर्यादा उघडपणे सांगितलेली असते. 'नको तितका शहाणा' हे 'टू क्लेव्हर' चे जवळजवळ अचूक भाषांतर आहे. 'अति' या शब्दात मूळचा अर्थ उल्लंघनाचा. 'अति तेथे माती' या म्हणीत आणि 'अतिशहाणा', 'अतिक्रमण', 'अतिरेक' या शब्दांत तो टिकून आहे. याउलट 'अतिशय' मध्ये तो पुसट झाला असून आज 'अतिशय सुंदर' म्हणताना कोणतीही मर्यादा ओलांडली गेल्याची भावना उरलेली नाही. 'अतिजलद गाडी' ही नको तितकी जलद नसते.

परिमाणवाचक शब्दाचा हा अर्थ कधी प्रशासकीय निर्णयाचा आधारही बनतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 मिलिमीटर म्हणजे अति मुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. महाराष्ट्रात शेतीच्या नुकसानभरपाईसाठी मात्र 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास 'अतिवृष्टी' मानली जाते. म्हणजे हवामानशास्त्र ज्याला नुसते 'मुसळधार' म्हणू लागते, तेथेच महसुली भाषेत 'अति' सुरू होते. याचे कारण उघड आहे. हवामान विभागाला पाऊस मोजायचा असतो, तर महसूल खात्याला पीक किती सोसू शकते ते पाहायचे असते. पहिली मोजणी 'व्हेरी' च्या जातीची, दुसरी 'टू' च्या जातीची. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे सुमारे 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा हा भेद करण्याची गरजच उरली नव्हती. परंतु 60 आणि 70 मिलिमीटरच्या मधल्या पावसात शेतकऱ्याच्या दृष्टीने या एका उपसर्गाला फार मोठी किंमत असते.

मराठीतील अतिरेक क्रियापदात राहतो

'टू' चा प्रतिशब्द शोधताना केवळ क्रियाविशेषणांचाच विचार केला, तर मराठीचे एक महत्त्वाचे वैशिष्ट्य नजरेतून सुटते. मराठीत अतिरेक सांगण्याचे काम अनेकदा क्रियापद करते आणि क्रियाविशेषणाची गरजच पडत नाही.

'हा सदरा मला मोठा होतो' या वाक्यात 'फार' नाही, 'जास्त' नाही. तरीही सदरा मापापेक्षा मोठा आहे हे पूर्णपणे कळते. 'हा सदरा मोठा आहे' आणि 'हा सदरा मला मोठा होतो' यांतील भेद हा 'बिग' आणि 'टू बिग फॉर मी' यांतील भेद आहे. ज्याच्या मापाने निवाडा करायचा ती व्यक्ती चतुर्थीत येते आणि 'होणे' हे क्रियापद मर्यादा ओलांडली गेल्याचे सांगते. 'बूट घट्ट होतात', 'एवढा भात मला जास्त होईल', 'आता उशीर झाला' ही वाक्ये याच जातीची. 'इट इज टू लेट' याचे 'खूप उशीर आहे' असे भाषांतर करणारा विद्यार्थी इंग्रजी शब्दांशी प्रामाणिक राहतो, पण 'उशीर झाला' हे घरचे वाक्य विसरतो.

'पडणे' हे क्रियापद अंतर, किंमत आणि पुरवठा यांच्या बाबतीत हेच काम करते. 'लांब पडते', 'महाग पडते', 'कमी पडते' या तीन प्रयोगांत मीरा-भाईंदरच्या वाढीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. मुंबईत घर महाग पडते म्हणून अनेक कुटुंबे दहिसरच्या पलीकडे सरकली. कामाच्या ठिकाणापासून हे शहर लांब पडते, तरी ती राहिली. पाणी, रस्ते आणि लोकलमधील जागा कमी पडते, ही त्यानंतरची तक्रार. 1985 मध्ये नगरपरिषद आणि 2002 मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 5,20,388 होती. 2011 मध्ये ती 8,09,378 झाली. 'महाग', 'लांब' आणि 'कमी' या विशेषणांत अतिरेक नाही. तो 'पडते' या क्रियापदाने आणला आहे.

तिसरी रचना शक्य क्रियापदाची. 'त्याला चालवत नाही' या तीन शब्दांत 'ही इज टू वीक टु वॉक' याचा आशय येतो. 'पेटी मुलाला उचलवत नाही', 'ते दुःख बघवत नाही' या वाक्यांत भार आणि सोसण्याची शक्ती यांचे गणित क्रियापदाच्या रूपातच मांडलेले आहे. 'इतका... की... नाही' हा लांबचा मार्ग मराठीत आहेच, पण तो एकमेव नाही आणि बोलण्यात नेहमी पहिलाही नाही.

या रचनांना मर्यादा आहेत, हेही नमूद केले पाहिजे. माप, चव, किंमत, अंतर, वेळ आणि शरीरबळ यांबाबत त्या उत्तम चालतात. मनोवृत्तीच्या बाबतीत त्या अपुऱ्या ठरतात. 'टू प्राउड टु आस्क' यासाठी 'गर्विष्ठ होतो' किंवा 'गर्विष्ठ पडतो' असे म्हणता येत नाही. तेथे 'मागण्यात त्याला कमीपणा वाटतो' अशी वाक्याची संपूर्ण फेरमांडणी करावी लागते. तसेच चतुर्थीतील व्यक्ती काढून टाकली, तर 'मोठा झाला' याचा अर्थ केवळ वाढला असा होतो. म्हणून 'होणे' म्हणजे 'टू' असे नवे समीकरण मांडणे हीही जुन्या चुकीची पुनरावृत्ती ठरेल.

मीरा-भाईंदरचा वर्ग

एके काळी मिठागरे, शेती आणि उत्तनसारख्या गावांतील मासेमारी यांवर जगणारा हा परिसर आज अनेक प्रांतांतून आलेल्या लोकांचा झाला आहे. आगरी, कोळी आणि ख्रिस्ती समाजांच्या बोली येथे आधीपासून आहेत. गुजराती, राजस्थानी आणि उत्तर भारतीय कुटुंबांची भर नंतर पडली. महानगरपालिकेच्या शाळाही मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा भिन्न माध्यमांतून चालतात. राज्यात 2000 पासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी विषय सुरू झाल्याने 'टू' ची आणि मुलांची गाठ लवकर पडते. 2025 मध्ये मीरा रोड येथे मराठी बोलण्याच्या प्रश्नावरून झालेली मारहाण आणि त्यानंतर निघालेले परस्परविरोधी मोर्चे यांमुळे या शहरातील भाषेचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. त्या चर्चेत भाषा ही प्रामुख्याने ओळखीची खूण म्हणून आली. वर्गात मात्र भाषा ही समजण्याचे साधन म्हणून येते, आणि तेथे या भाषांचे एकमेकींशी असलेले नाते उपयोगी ठरते.

वर उल्लेखिलेली क्रियापदांची रचना केवळ मराठीची नाही. हिंदीत कपडा 'छोटा पड़ता है', सौदा 'महँगा पड़ता है'. गुजरातीत वस्तू 'मोंघी पडे छे'. म्हणजे भाईंदरच्या एका वर्गातील मराठी, हिंदी आणि गुजराती घरांतून आलेली मुले 'टू एक्स्पेन्सिव्ह फॉर अस' या इंग्रजी रचनेचा आशय आपापल्या घरी रोज बोलत असतात. शिक्षकाने 'बाजारात काय महाग पडते?', 'मागच्या वर्षीचा गणवेश कोणाला लहान होतो?' असे प्रश्न विचारून प्रारंभ केला, तर मर्यादा, व्यक्ती आणि अतिरेक या तिन्ही गोष्टी मुलांच्या हाती आपोआप येतील. त्यानंतर 'सो... दॅट' चे रूपांतर शिकवले, तर ते अर्थाच्या आधाराने शिकले जाईल.

भाषांच्या या सान्निध्याची दुसरी बाजूही आहे. 'बहुत ज़्यादा' च्या धर्तीवर 'खूप जास्त', 'बहुत सारे' च्या धर्तीवर 'खूप सारे' असे प्रयोग मराठीत वाढत आहेत. एकट्या 'खूप' ने 'फार', 'बराच', 'अगदी', 'पुष्कळ' आणि 'अतिशय' यांची जागा घेण्यास सुरुवात केली आहे. देशावरील 'लई' किंवा मुंबई-ठाणे भागातील 'जाम' हे बोलीतील शब्द मात्र आपले बळ टिकवून आहेत. शब्दांची ये-जा हा भाषांचा धर्म असल्याने यावर आकांत करण्याचे प्रयोजन नाही. तथापि छटा दाखवणारे पाच शब्द जाऊन एकच शब्द उरला, तर निवाडा आणि वर्णन यांतील भेद मराठीतही पुसट होईल, ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही.

'टू गुड' : चूक की नवा अर्थ?

भारतीय इंग्रजीत 'टू गुड' हा शब्दप्रयोग निखळ स्तुती म्हणून रूढ आहे. रेन व मार्टिन यांच्या व्याकरणासारख्या शाळांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या पुस्तकांनी 'व्हेरी' च्या अर्थाने 'टू' वापरू नये, असा इशारा दिलेला आहे. लेखी इंग्रजीत तो पाळणे योग्यच होय. परंतु या वापराकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे एकांगी ठरेल. 'यू आर टू काइंड' असे खुद्द इंग्रजही म्हणतात. अपेक्षेची मर्यादा ओलांडणे हे तेथे कौतुकाचे कारण बनते. मराठीत 'भयंकर सुंदर' आणि इंग्रजीत 'ऑफुली नाइस' म्हणताना भीतीचा अर्थ जसा गळून पडतो, तशीच ही प्रक्रिया आहे. 'टू मच' हा शब्दसमूह तर मराठी संभाषणात कधी कौतुकाने, कधी वैतागाने सर्रास येतो आणि त्याचा अर्थ स्वरावर ठरतो. 'फार झाले' या मराठी प्रयोगाचेच हे इंग्रजी रूप मानता येईल.

धोका उत्पन्न होतो तो सूचनांच्या भाषेत. औषधाच्या किंवा खताच्या वेष्टनावर 'टू मच' हे शब्द आले आणि वाचणाऱ्याने ते 'खूप' असे घेतले, तर 'खूप घेऊ नये' हे वाक्य मोघम राहते. 'सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नये' असे म्हटले तरच मर्यादा कोठे आहे हे कळते. स्तुतीत मर्यादा विसरली तरी चालते. सूचनेत ती विसरून चालत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. 'टू' हा तीव्रतेचा शब्द नसून मर्यादेच्या उल्लंघनाचा शब्द आहे आणि ती मर्यादा कोणाची, हा त्याच्या अर्थाचा अविभाज्य भाग आहे. 'टू' काढण्याचा शालेय नियम हा रूपांतराचा एक उपयुक्त सराव आहे, परंतु तो या शब्दाचा अर्थ नव्हे. असमर्थता, अनिच्छा आणि अनौचित्य हे तीन नकार तो एकत्र करतो. मराठीत या शब्दाला एकच प्रतिशब्द नाही. 'फार', 'जास्त', 'नको तितका', 'अति' हे शब्द आणि 'होणे', 'पडणे' व शक्य क्रियापद या रचना मिळून त्याचे क्षेत्र व्यापतात. मीरा-भाईंदरसारख्या शहरात या रचना अनेक घरभाषांना समान असल्याने बहुभाषिक वर्ग ही येथे अडचण न ठरता सोय ठरू शकते.

परीक्षेत 'टू' काढून टाकण्याच्या प्रश्नासोबत 'येथे मर्यादा कोणती व ती कोणासाठी?' असा एक प्रश्न विचारला गेला, तर व्याकरणाच्या तासात फार मोठा बदल करावा लागणार नाही. मात्र 'ती लहान आहे', 'भाडे महाग पडते', 'पाऊस अति झाला' अशी वाक्ये ऐकताना त्यांमागील निवाडा ओळखण्याची सवय विद्यार्थ्यांना लागेल. ही सवय इंग्रजीच्या गुणांपुरती उपयोगाची नाही. नागरिक म्हणून कोणतीही तक्रार, सूचना किंवा कायदा वाचताना तिची गरज पडते.